जानेवारीतली मोजणी

सहा वाजून दहा मिनिटं. गाडीच्या काचेवर दव गोठलेलं.
वर्डी म्हणाली, हात पाण्यात घाल, ऊब तिथे आहे.
घातला. खरंच होतं,
रात्रभर कुणी निजून नुकतंच उठलेल्या
अंथरुणासारखी नदी.

हे पाणी जमिनीच्या पोटातून येतं,
चुनखडीच्या फटीफटींतून गाळून,
त्याला ना जून ठाऊक ना जानेवारी.
फ्लोरिडाचं आभाळ मात्र थंडीने कडक झालेलं
आणि मधल्या वाफेत आमची कयाक:
पुढे मी, मांडीवर पाटी, पाटीला सुतळीने बांधलेली पेन्सिल,
मागे वर्डी, वय एकाहत्तर, वल्हं तिच्याकडे.
तू फक्त लिही, ती म्हणाली, बघायचं काम माझं.
मला ते जरा लागलं.

कासवं अकरा. एका ओंडक्यावर,
घासून पालथी घातलेली भांडी जशी.
बारावं डुबकन पाण्यात गेलं. ते धरायचं?
गेलेलंही धरायचं.
तिरंदाज एक, सायप्रसच्या खुंटावर
पंख वाळत घालून बसलेला, कुणाची घाई नसलेला.
खंड्या, नुसता आवाज. वर्डी म्हणते, आवाज पुरतो.
मगर एक.
ती मला शेवटपर्यंत दिसली नाही. मी लिहिली.

पाणी इतकं नितळ
की आपण कशावर तरी तरंगतोय हे पटेना.
आमची सावली दहा हात खाली वाळूवरून
आमच्या थोडी पुढेच चालली होती
आणि तिच्या पोटातून मासे आरपार जात होते.

पाणमांजरं तीन. एकाच्या हातात खेकडा,
फुटाणे खावेत तसा कुडुमकुडुम,
डोळे आमच्यावर, जणू आम्हीच तमाशा.
मी हसलो. वर्डी हसली नाही.
वळण जवळ आलं होतं.

तिथे तिने वल्हं आडवं ठेवलं.
खाली नुसते धोंडे. करडे, शेवाळलेले, सात.
मग त्यातला एक वर आला
आणि श्वास सोडला,
गरम बशीवर फुंकर घालावी तसा.
मॅनटी, मी म्हणालो, उगाच, कुजबुजत.
सात. पिल्लू धरून आठ.

ओळखखूण, असा एक रकाना असतो.
लिही, वर्डी म्हणाली, मोठी मादी, पाठीवर पाच व्रण,
पांढरे, सारख्या अंतरावर.
पंख्याचे? मी विचारलं.
पंख्याचे. आमच्या बोटीच्या.

वाफ आमच्यामधून जात राहिली.
मी मागे वळलो नाही, कयाकमध्ये वळता येत नाही धड.
सत्तावीस वर्षं झाली, ती म्हणाली,
बोट हार्लन चालवत होता असं मी सगळ्यांना सांगत आले,
त्यानेही तसंच सांगितलं, मरेपर्यंत.
चाक माझ्या हातात होतं.
पाण्यावर ऊन होतं. मी त्याला काहीतरी दाखवत होते.
काय, ते आता आठवत नाही.

मादी आमच्या खालून गेली.
कयाक किंचित उचलली गेली, पुन्हा टेकली.
पाच रेघा माझ्या पायांखालून सरकताना
मी नको असताना मोजल्या.

रकाना दोन बोटं रुंद.
'व्रण पाच' एवढंच मावलं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं,
कुणीतरी ट्रेलरवरून बोट उतरवत होतं, रेडिओ चालू.
वर्डी गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली,
त्या माणसाकडे बघत.
सावकाश जा रे, म्हणाली.
त्याला ऐकू गेलं नाही बहुधा, त्याने हात हलवला.

मग माझ्याकडे वळून,
पिल्लू वेगळं लिहिलंस ना?
नव्हतं लिहिलं.
पेन्सिल ओली झाली होती, उमटेना;
मी ती जिभेला लावली.